वस्वशाला आजार म्हणणारे बल्खचे अबू जैद

रमजानमध्ये मशिदीतल्या वजूखान्याला उसंत नसते. नमाजीपूर्वी हात धुणे, चूळ भरणे, नाक व चेहरा स्वच्छ करणे, कोपरापर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि शेवटी पाय धुणे, या क्रियेला वजू म्हणतात. काम दोन-तीन मिनिटांचे. पण जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात असा एखादा माणूस असतो, की ज्याचा वजू संपतच नाही. प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीन वेळा धुवावा, हे त्याला पाठ असते. त्याने तीन वेळा धुतलेलेही असते. तरी मन म्हणते, कोपराजवळ सुईच्या टोकाएवढी जागा कोरडी राहिली. तो पुन्हा धुतो. आत जमात उभी राहते, पहिली रकात होते, दुसरी होते, आणि हा अजून नळापाशीच बसलेला असतो.

हा माणूस एकाच धर्माचा नाही. सोवळ्याचे लुगडे दहा वेळा पिळणारी आणि कोणाची सावली पडली म्हणून अकराव्यांदा नहाणारी आजी हीही त्याचीच बहीण. दुकानाच्या शटरचे कुलूप ओढून पाहायला बसस्टँडवरून तीन वेळा परत येणारा व्यापारी हा त्याचाच भाऊ. लिहिलेले उत्तर खोडून पुन्हा तेच लिहिणारी, आणि म्हणून पेपर अर्धा राहणारी मुलगीही त्याच घरातली. गाव अशांना वहमी म्हणते, संशयी म्हणते, फार सोवळ्याची म्हणते आणि हसते. मराठीत या दुखण्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात. अरबीत आणि उर्दूत शब्द आहे वस्वसा.

कुरआनच्या अगदी शेवटच्या सूरेत, सूरह नासमध्ये, मनात कुजबुजणाऱ्या वस्वशापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. त्यामुळे मुस्लिम घरांत हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. मात्र हाच शब्द उचलून त्याच्याकडे वैद्याच्या नजरेने पाहणारा, त्याला मनाचे दुखणे मानून त्यावर उपाय लिहिणारा एक माणूस अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यांचे नाव अबू जैद अहमद बिन सहल अल-बल्खी.

शिक्षकाचा मुलगा

बल्ख हे शहर आज उत्तर अफगाणिस्तानात, मजार-ए-शरीफच्या जवळ आहे. धाराशिवपासून ते फार दूर वाटते, पण जुन्या जगात तेवढे दूर नव्हते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटपुस्तकात आपल्या तेरचे नाव तगर म्हणून येते. तगरचा माल भडोच बंदराकडे जात असे. त्याच पुस्तकात भडोचला येणाऱ्या रेशमाच्या वाटेवरचा मुलूख म्हणून बॅक्ट्रिया, म्हणजे बल्खचा प्रदेशही येतो. बल्खमध्ये नौबहार नावाचा मोठा बौद्ध मठ होता. हे नाव संस्कृतातल्या नव विहारावरून आले. पुढे बगदादच्या खलिफांचे वजीर झालेले बर्मकी घराणे याच मठाच्या प्रमुखांचे. मौलाना रूमींचे घराणेही बल्खचेच. अनेक धर्मांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत गेल्या, असे ते गाव.

या बल्खच्या परिसरातल्या शामिस्तियान नावाच्या खेड्यात इसवी सन ८५० च्या सुमारास अबू जैद जन्मले. वडील मूळचे सिजिस्तानचे, मुलांना शिकवून पोट भरणारे. पहिले धडे घरातच मिळाले. पुढे अबू जैदही काही काळ शिक्षकी करत होते. श्रीमंती नव्हती, मोठे नाव नव्हते. स्वभाव अबोल, विचारात बुडालेला. चारचौघांत पुढे पुढे करणे त्यांना कधी जमले नाही.

तरुणपणी ज्ञानाची ओढ त्यांना घराबाहेर घेऊन गेली. ते इराकला निघाले. खुरासान ते इराक हा प्रवास काही महिन्यांचा, वाटेत वाळवंट, डोंगर आणि लुटारू. तिथे ते सुमारे आठ वर्षे राहिले. बगदाद तेव्हा ज्ञानाची राजधानी होती. ग्रीक, फारसी आणि भारतीय ग्रंथ अरबीत उतरत होते. अरबांचे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले जाणारे अल-किंदी तेव्हा हयात होते. अबू जैद त्यांचे शिष्य झाले. तत्त्वज्ञान, वैद्यक, खगोल, भूगोल, भाषा, धर्मशास्त्र, जे मिळेल ते त्यांनी शिकून घेतले.

अशा शिक्षणाने अनेकांचा गोंधळ होतो. एका हातात धर्मग्रंथ आणि दुसऱ्या हातात ग्रीकांचे वैद्यक घेऊन उभे राहिले, की एक तरी टाकावे लागेल असे वाटते. अबू जैदांनी दोन्ही सोडले नाही. कुरआनच्या रचनेवर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा विद्वानांत आदराने उल्लेख होतो. तत्त्वज्ञानावरही ते तितक्याच अधिकाराने लिहीत राहिले.

नदी न ओलांडणारा विद्वान

शिक्षण संपवून ते बल्खला परतले आणि बाकीचे आयुष्य त्यांनी बहुतेक तिथेच काढले. बगदादला राहते तर मान आणि पैसा दोन्ही मिळाले असते. पण गावाची ओढ मोठी होती.

बल्खवर काही काळ अहमद बिन सहल नावाच्या सरदाराची सत्ता आली. त्याने अबू जैदांना वजीर होण्याची विनंती केली. अबू जैदांनी ती नाकारली. वजिरी गेली त्यांचे मित्र अबू अल-कासिम अल-काबी यांच्याकडे. अबू जैदांनी त्यांच्या हाताखाली चिटणिशीचे काम स्वीकारले. मित्राच्या हाताखाली काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्या सरदाराची सत्ता फार काळ टिकली नाही. अबू जैदांचे लिखाण मात्र चालूच राहिले.

त्यांची आणखी एक गोष्ट भूगोलकार अल-मुकद्दसी यांनी नोंदवून ठेवली आहे. बुखाऱ्यात सामानी अमीरांचा दरबार होता. तिथून अबू जैदांना बोलावणे आले. ते निघाले आणि आमू दर्याच्या काठावर पोहोचले. जैहून म्हणून ओळखली जाणारी ही नदी रुंद, वेगवान आणि भोवऱ्यांची. ते काठावर थांबले आणि पुढे गेलेच नाहीत. तिथूनच त्यांनी अमिराला पत्र धाडले. पत्राचा आशय असा होता, की माझ्या विचारशक्तीसाठी मला बोलावले असेल, तर तीच विचारशक्ती मला ही नदी ओलांडू देत नाही. अमिराला राग आला नाही, उलट कौतुक वाटले. त्याने त्यांना बल्खमध्येच राहायला सांगितले.

नदीला घाबरणे म्हणजे आजार नव्हे. भोवऱ्याच्या पाण्याला कोण घाबरत नाही? पण या गोष्टीतून एक दिसते. पुढे भीतीवर आणि वस्वशावर लिहिणारा हा माणूस भय म्हणजे काय ते दुरून पाहत नव्हता. आपल्याला भीती वाटते हे अमिराला लेखी कळवण्यात त्यांना लाज वाटली नाही. घाबरणाऱ्या माणसाची टिंगल त्यांच्या हातून होणे शक्य नव्हते.

लिहिताना मात्र ते कोणाला घाबरले नाहीत. दोन वेगवेगळ्या मतांचे दोन धनिक त्यांना आर्थिक मदत करत असत. एकदा त्यांनी धर्मग्रंथांचे गूढ अर्थ काढण्याच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, तो एकाला रुचला नाही. दुसऱ्यांदा कुर्बानीच्या विषयावर लिहिले, ते दुसऱ्याला रुचले नाही. दोघांनीही हात आखडता घेतला. अबू जैदांनी लिहिलेले बदलले नाही.

त्यांच्या नावावर साठच्या आसपास ग्रंथ सांगितले जातात. त्यातले बहुतेक काळाच्या ओघात हरवले. भूगोलात तर त्यांच्या नावाने एक परंपराच उभी राहिली. इस्तखरी आणि इब्न हौकल यांनी काढलेले इस्लामी जगाचे नकाशे बल्खी परंपरेचे म्हणून ओळखले जातात. कित्येक शतके त्यांची ओळख नकाशे काढणारे अशीच राहिली. मनाच्या नकाशाचा त्यांचा ग्रंथ तोवर पेटीत पडून होता.

शरीर आणि मन, एकाच ग्रंथात

त्या ग्रंथाचे नाव मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस. अर्थ सरळ आहे, शरीरांचे आणि मनांचे हित. ग्रंथाचे दोन भाग. पहिल्या भागात शरीराची चौदा प्रकरणे आहेत. हवा, पाणी, घर, कपडे, अन्न, झोप, स्नान, व्यायाम अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. दुसऱ्या भागात मनाची आठ प्रकरणे आहेत.

आज हे वाचताना नवल वाटणार नाही. त्या काळात ते नवे होते. अबू जैदांची तक्रार अशी होती, की वैद्य शरीरावर ग्रंथावर ग्रंथ लिहितात, पण मनाच्या दुखण्याकडे पाहत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की माणूस या दोहोंचा मिळून बनलेला आहे. शरीर आजारी पडले की बुद्धी मंदावते, मन कशात लागत नाही. मन दुखावले की शरीराला अन्नाची चव लागत नाही आणि शेवटी शरीरही आजारी पडते. मग वैद्याने एकाचाच विचार करून कसे चालेल?

त्यांनी आणखी एक साधी गोष्ट मांडली. शरीराचा मोठा आजार न होता आयुष्य काढणारा माणूस सापडेल. पण राग, भीती, दुःख, काळजी यांतले काहीच न अनुभवलेला माणूस सापडणार नाही. म्हणून मनाचे दुखणे ही मूठभर वेड्यांची गोष्ट नाही, ती प्रत्येकाची आहे. फरक कमी-जास्तीचा. एखाद्याला चिमटा बसतो, एखाद्याचे हाड मोडते.

मनाच्या दुखण्यांचे त्यांनी चार मोठे गट केले. राग, भय, दुःख आणि वस्वसा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण दिले. वस्वशाला भयाच्या किंवा दुःखाच्या पोटात न टाकता वेगळे काढले, हे त्यांचे मोठे काम. युरोपातल्या वैद्यकाच्या इतिहासात या आजाराचे वर्णन करणाऱ्यांत फ्रान्सचे डॉक्टर एस्किरोल यांचे नाव घेतात. त्यांचा ग्रंथ १८३८ चा. अबू जैद त्यांच्या नऊशे वर्षे आधीचे.

वस्वशाचे प्रकरण

या प्रकरणात अबू जैद सांगतात, की मन सतत स्वतःशी बोलत असते. हे बोलणे कधी आवडत्या गोष्टीचे असते, कधी नावडत्या. त्रास देतो तो दुसरा प्रकार. काहीतरी भयंकर घडणार आहे, असा विचार मनात घुसतो आणि जात नाही. जे घडलेले नाही आणि बहुधा घडणारही नाही, ते आत्ताच दारात उभे आहे असे वाटत राहते. माणसाचे कामात लक्ष लागत नाही. समोर ताट वाढलेले असते, पण सुख लागत नाही. लोक बोलत असतात, याला अर्धेच ऐकू येते.

कारण काय? आजूबाजूचे लोक वस्वशाचा सारा दोष सैतानावर टाकून मोकळे होत. अबू जैदांनी त्याच्याकडे वैद्य म्हणून पाहिले. त्या काळच्या वैद्यकात शरीरातल्या पित्तादी द्रवांचा तोल बिघडला की आजार होतो, असे मानत. त्याच चौकटीत त्यांनी शरीराच्या घडणीचाही या दुखण्याशी संबंध जोडला. ती चौकट आज कोणी मानत नाही. पण तिच्यातला एक अर्थ टिकला. हे दुखणे माणसाच्या ईमानच्या कमीपणामुळे होत नाही. तो त्याचा दोष नाही, पाप नाही.

उपाय त्यांनी दोन बाजूंनी सांगितले. पहिला बाहेरून. एकटे राहू नये. एकांतात मन पुन्हा पुन्हा त्याच विहिरीत डोकावते. माणसांत बसावे, बोलावे. रिकामे राहू नये, हाताला आणि डोक्याला काम द्यावे. दुसरा उपाय आतून. आलेल्या विचाराला बुद्धीने तपासावे. ही भीती इतरांना का वाटत नाही? ज्या गोष्टीने मी कोलमडतो, त्यातून हजारो माणसे रोज सुखरूप जातात. अल्लाहने दुखण्यासोबत उपायही निर्माण केले आहेत. मग धोका खरा किती आणि मनाने वाढवलेला किती?

यातली सर्वांत व्यवहारी सूचना अशी. माणसे घरात जशी वेळप्रसंगी लागणारी औषधे आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना चांगले, खरे विचार गोळा करून ठेवावेत. वादळ आल्यावर ते सुचत नाहीत. आधी साठवलेले असले तर उपयोगी पडतात.

भयाच्या प्रकरणात त्यांनी सवयीचा उपायही मांडला. ज्या दृश्याची वा आवाजाची भीती वाटते, त्याला मनाला पुन्हा पुन्हा सामोरे न्यावे. हळूहळू मन सरावते आणि भीतीची धार बोथट होते.

इसवी सन ९३४ मध्ये अबू जैद बल्खमध्ये वारले. त्यांचे शिष्य अबू अल-हसन अल-आमिरी पुढे नामवंत तत्त्वज्ञ झाले. मसालिहची हस्तलिखिते मात्र फिरत फिरत इस्तंबूलच्या अयासोफिया ग्रंथालयात जाऊन पडली. १९८४ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये फुआत सेझगिन यांनी हस्तलिखिताची छायाप्रत प्रसिद्ध केली. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाच्या भागाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०१३ मध्ये आला. २०१५ मध्ये रानिया अवाद आणि सारा अली या दोन संशोधकांनी वस्वशाचे प्रकरण आजच्या ओसीडीच्या निकषांशेजारी ठेवून तपासले आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष बल्खकडे वळले. लेखक गेल्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने त्याच्या ग्रंथाला वाचक मिळाले.

आजचे वैद्यक काय सांगते

आज या आजाराचे दोन भाग मानतात. एक, नको असलेला विचार, जो मनात जबरदस्तीने घुसतो. हात घाण आहेत, कुलूप उघडे राहिले, माझ्या हातून कोणाला इजा होईल, माझ्या मनात देवाविषयी वाईट शब्द आला. दोन, त्या विचाराची भीती घालवण्यासाठी केलेली कृती. धुणे, तपासणे, मोजणे, पुन्हा म्हणणे, पुन्हा विचारणे. कृती केली की घटकाभर बरे वाटते. तेवढ्यातच सापळा आहे. धुतल्याने बरे वाटले, हे मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आणखी धुवायला लावतो.

शंभरातल्या एक ते तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होते. म्हणजे एका मोठ्या शाळेत असे काही विद्यार्थी असणारच. बहुतेक जण वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. कारण आपले वागणे अतिरेकी आहे हे त्यांना स्वतःला कळत असते. कळते पण वळत नाही, ही म्हण जणू याच आजारासाठी झाली आहे.

स्वच्छतेची आवड म्हणजे ओसीडी नव्हे. श्रद्धेने मन लावून केलेली पूजा वा नमाज म्हणजेही ओसीडी नव्हे. भक्तीनंतर मन शांत होते, वस्वशानंतर मन थकते. रोज तासाभराहून जास्त वेळ त्यात जात असेल, थांबावेसे वाटूनही थांबता येत नसेल, शाळा, दुकान, संसार यांचे नुकसान होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी एक पद्धत मांडली. तिच्यात ज्याची भीती आहे त्याला हात लावायचा आणि नंतर धुवायचे नाही. प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने, सोप्यापासून सुरुवात करून. भीती आधी चढते, काही वेळाने आपोआप उतरते. असे अनेकदा झाले की मेंदू नवा धडा शिकतो, न धुताही काही होत नाही. अबू जैदांच्या सवयीच्या उपायाशी याचे नाते लगेच दिसते. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधेही डॉक्टर देतात. त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. म्हणून पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडू नयेत.

अबू जैदांच्या सल्ल्यात आज एक दुरुस्ती करावी लागते. घरच्यांनी सोबत द्यावी हे खरे. पण हात स्वच्छ आहेत ना, वजू झाला ना, कुलूप लावले ना, या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा हो म्हणणे म्हणजे आजाराला खुराक देणे. प्रेमाने पण ठामपणे, एकदा सांगितले, आता पुन्हा सांगणार नाही, असे ठरवावे लागते. तेही डॉक्टरांशी बोलून.

धर्माने सोपे केलेले

वस्वशाने पिडलेला माणूस समजतो, की आपण धर्म काटेकोर पाळतो आहोत. धर्माची शिकवण मात्र उलट आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लहानशा तांब्याभर पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये नोंदले आहे. वजू मोडला की काय अशी नुसती शंका आली, तर खात्री झाल्याशिवाय नमाज सोडू नये, हीही त्यांचीच शिकवण. खात्री शंकेने मोडत नाही, हा पुढे धर्मशास्त्राचा नियमच झाला. काही साथीदारांनी त्यांच्याकडे तक्रार केली होती, की उच्चारायलाही भीती वाटावी असे विचार मनात येतात. त्यांना दटावले गेले नाही. त्या विचारांची इतकी भीती वाटणे हीच ईमानची खूण आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. आजचा मानसोपचारतज्ज्ञही घाबरलेल्या तरुणाला जवळपास हेच सांगतो. विचार मनात येणे आणि तो आपला असणे, यात फरक आहे.

अबू जैदांनंतर दीडशे-दोनशे वर्षांनी इमाम गजाली यांनीही शुद्धतेच्या नावाखाली चालणाऱ्या या अतिरेकावर टीका केली. बगदादचे विद्वान इब्न अकील यांच्याकडे एक माणूस आला. आपण पाण्यात अनेकदा बुडी मारतो, तरी अंघोळ झाली की नाही ही शंका जात नाही, असे त्याने सांगितले. इब्न अकील यांनी त्याला उत्तर दिले, की मग तुझ्यावर नमाजच बंधनकारक नाही, कारण ज्याला भान नाही त्याला धर्म जबाबदार धरत नाही. उत्तरात कोपरखळी होती. पण ओसीडीचा रुग्ण वेडा नसतो, हे इथे स्पष्ट करायला हवे. त्याचे भान शाबूत असते, म्हणूनच त्याला एवढा त्रास होतो.

धाराशिव जिल्ह्यात या शिकवणीला आणखी एक अर्थ आहे. इथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. घागरीमागे घागर ओतणारा माणूस घरात असला, तर घरातली बाई त्याच्यावर चिडते, सून रडते, शेजारी बोलतात. पाणी वाया घालवतो म्हणून त्याला शिव्या मिळतात. त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि लाजेने वस्वसा वाढतो. भांडण पाण्याचे वाटते, मूळ मात्र आजारात असते.

अशा घरांनी आधी बाबा-बुवांकडे जाऊन वर्षे घालवू नयेत. दर्ग्यावर दुआ जरूर मागावी, तुळजाभवानीला नवसही बोलावा. मनाला आधार मिळतो. पण त्यासोबत डॉक्टरांकडेही जावे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणीची सोय असते. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज्यासाठी त्या परस्पर बंद करू नयेत. सहरी आणि इफ्तारच्या वेळेला त्या कशा बसवायच्या, हे डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुरआननेच दिली आहे.

मोहल्ल्यातल्या इमामांचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचेही यात काम आहे. वजूखान्यात अडकलेल्या माणसाला सर्वांसमोर टोकण्याऐवजी बाजूला घेऊन एवढेच सांगावे, की तीन वेळा धुतले, वजू झाला, आता उठायचे. शंका सोबत आली तर येऊ द्यावी, तिच्यासकट नमाजीला उभे राहावे. अबू जैद नदीच्या काठावरून परत फिरले, कारण त्या नदीत खरेच भोवरे होते. वजूच्या पाण्यात भोवरे नसतात. तिथे पाय पुढे टाकायला मदत करणारा एक हात पुरतो.